हाक ऐकू यावी म्हणून

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी हरतो. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी काढून त्याने प्रयोगासाठी चौथीचा एक वर्ग मागून घेतलेला असतो. पहिल्या दिवशी काय काय करायचे ते आदल्या रात्री बसून बारकाईने आखलेले असते. सुरुवात शांततेच्या खेळाने करायची, मग स्वच्छता बघायची, मग गाणे, मग गप्पा. तो वर्गात जातो, मुलांना खेळ समजावून सांगतो, दारेखिडक्या लोटून घेतो आणि शांततेची वाट पाहू लागतो. कोणीतरी चमत्कारिक आवाज काढतो. दुसरा त्याला साथ देतो. टाळ्या, पाय आपटणे, हसणे, असा गलका होतो की खेळ तिथेच सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाला तो राजाची गोष्ट सांगायला बसतो. कोणालाही गप्प करावे लागत नाही. काल जी शांतता मागून मिळाली नाही, ती आज न मागता वर्गात येऊन बसते.

मुलांच्या शिक्षणात ध्यानाला काय स्थान असावे, अशी चर्चा निघाली की मला आधी हे पान आठवते. गिजुभाई वकिली सोडून शिक्षणात आले आणि 1920 मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. मारिया मॉन्टेसरींचे लेखन त्यांनी मन लावून वाचले होते आणि बालमंदिरात ते रोज करून पाहिले होते. मॉन्टेसरींचा शांततेचा खेळ किती सुंदर होऊ शकतो, हे त्यांना पक्के माहीत होते. तरीही स्वतःच्या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी तो फसताना दाखवला. हे त्यांनी जाणूनबुजून केले असावे असे मला वाटते. चांगली कल्पना घेऊन वर्गात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला ते आधी थांबवतात. या मुलांशी तुझे अजून काहीच नाते जुळलेले नाही, मग ती तुझ्यासाठी डोळे कशाला मिटतील, असेच जणू ते विचारतात.

मूळ खेळ कसा जन्मला, ती हकिकत मॉन्टेसरींनी लिहून ठेवली आहे. रोममधल्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर जिन्यांवर आणि अंगणात मोकाट हिंडणारी ती मुले. एके दिवशी मॉन्टेसरींना अंगणात एक बाई भेटली, तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. मॉन्टेसरींनी त्या बाळाला घेतले आणि वर्गात आणले. बाळ दुपट्यात गुंडाळलेले, अगदी स्वस्थ. मॉन्टेसरी मुलांना म्हणाल्या, हिचे पाय बघा किती स्थिर आहेत, तिच्यासारखे स्थिर बसणे तुम्हाला जमणार नाही. मुलांनी पाय जुळवले. मग त्या म्हणाल्या, हिचा श्वास बघा किती हलका आहे. मुलांनी आपला श्वासही हलका केला. चाळीसहून अधिक मुलांच्या खोलीत एरवी कधीच ऐकू न येणारी घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

पुढे यातूनच खेळ तयार झाला. शिक्षिका शेजारच्या खोलीत जाते आणि तिथून कुजबुजत्या आवाजात एकेका मुलाचे नाव घेते. आपले नाव कानी आले की मुलाने उठायचे आणि खुर्चीचाही आवाज होऊ न देता तिच्याकडे जायचे. मॉन्टेसरींना वाटले, इतकी मुले इतका वेळ नावाची वाट बघत बसतात, तर त्यांना काही गोड द्यावे. त्यांनी गोळ्या देऊ केल्या. मुलांनी त्या घेतल्या नाहीत. गरीब वस्तीतली, गोड खायला क्वचित मिळणारी ती मुले होती, हे लक्षात घेतले की त्या नकाराचे वजन कळते. त्यांना जे हवे होते ते आधीच मिळालेले होते.

ध्यानाचा बालशिक्षणाशी संबंध शोधताना मी या गोळ्यांपाशी नेहमी अडखळते. आपल्याकडे आता ध्यानाची जाहिरात होते ती गोळ्या दाखवूनच. एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती वाढेल, दहावीला टक्के वाढतील. शिकवणी वर्गांच्या फलकांवर मी हे वाचले आहे आणि पालकसभांत ऐकले आहे. पालकांची काळजी मला समजते. मुलाच्या गुणांवर घराचे भवितव्य अवलंबून असते, अशा घरांतल्या मुलांना मी शिकवले आहे. पण गुणांसाठी शांत बसलेले मूल आतून शांत नसते. ते शांततेच्या बदल्यात काय मिळेल याचा हिशेब करत असते, आणि मिळाले नाही की शांततेवरच रुसते.

गांधीजींनी हा खेळ पाहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले असताना, ऑक्टोबर 1931 मध्ये, तिथल्या मॉन्टेसरी प्रशिक्षण विद्यालयात त्यांचे भाषण झाले. शिक्षिकेच्या कुजबुजीसरशी एकेक मूल आवाज न करता पुढे येते, हे दृश्य त्यांना हलवून गेले, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. मात्र त्याच वेळी आपल्याकडच्या अर्धपोटी खेड्यांतली लाखो मुले त्यांच्या डोळ्यांपुढे आली. हे सगळे त्या मुलांपर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न त्यांनी मॉन्टेसरींच्या समोरच ठेवला.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सर्वात चिवट प्रयत्न आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात झाला, याचा मला अभिमान वाटतो. ताराबाई मोडक 1920 च्या दशकात भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून आल्या. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आजूबाजूला वारली पाडे. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा पाड्यावर गेली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली, तिला नावच कुरणशाळा पडले. महागड्या इटालियन साधनांच्या जागी बिया, शिंपले, दगड, पाने आली. शांततेच्या खेळाला तर साधनच लागत नाही. गरीब शाळेत आणि श्रीमंत शाळेत तो सारखाच खेळता येतो, आणि कुरणात कदाचित जास्त चांगला, कारण तिथे ऐकण्यासारखे फार असते.

मी तो खेळ प्रथम पाहिला तो पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत एक ज्येष्ठ बाई होत्या, कोसबाडला शिकून आलेल्या. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच असे. त्यांच्या वर्गात पन्नासच्या आसपास मुले, बाक नव्हते, बसायला पट्ट्या. दुपारच्या सुट्टीनंतर मुले खेळून, घामाघूम होऊन आत येत. अशा वेळी बाई ‘गप्प बसा’ म्हणत नसत. त्या स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहत आणि कान देऊन काहीतरी ऐकू लागत. हळूहळू पुढच्या पट्टीवरची मुले बाईंकडे बघू लागत. बाई काय ऐकताहेत, हे कळावे म्हणून तीही ऐकू लागत. मग मागच्या पट्ट्या. दूरची पिठाची गिरणी, एसटीचा हॉर्न, शाळेमागच्या पिंपळाची सळसळ, कुठेतरी धुण्याचे आपटणे. एवढे ऐकून झाले की बाई म्हणायच्या, “आता आणखी जवळचं ऐका.” मुले डोळे मिटून घेत, कोणी सांगितलेले नसतानाही. जवळचे म्हणजे शेजाऱ्याचा श्वास, मग आपला.

मग त्या व्हरांड्यात जाऊन भिंतीआड उभ्या राहत आणि एकेकाचे नाव घेत, अगदी हलक्या आवाजात. लहान चणीची मुले आधी, दांडगी मागून. एक मुलगा मला आठवतो. घरी आणि शाळेत सगळे त्याला त्याच्या काळ्या रंगावरून हाक मारत. मारणाऱ्याच्या मनात द्वेष नसायचा, पण ती हाक त्याला सोबत्यांपासून वेगळी पाडायची. बाईंनी भिंतीआडून त्याचे खरे नाव घेतले, हजेरीपटावरचे, पूर्ण. तो लगेच उठला नाही. डोळे उघडून त्याने इकडे तिकडे पाहिले. आपल्यालाच बोलावले का, याची खात्री करून घेतली. मग तो उठला आणि असा चालत गेला की त्याच्या पायांखालची पट्टी हललीसुद्धा नाही.

पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाच्या कानी स्वतःचे नाव कधी पडते? हजेरीला एकदा. आणि मग चुकले, बोलले, मारामारी केली तर. आपले नाव म्हणजे आपला अपराध, असे समीकरण कितीतरी मुलांच्या मनात बसते. त्या खेळात नाव प्रेमाने येत होते, त्याला फक्त पोहोचायला शांत जागा हवी होती. ध्यानाचे शिक्षणातले मोल मला विचाराल तर ते इथे आहे. मुलाला आतून-बाहेरून इतकी स्वस्थता लाभावी की त्याला मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचेल, मग ती बाईंची असो, पुस्तकातल्या एखाद्या वाक्याची असो, की त्याच्या स्वतःच्या मनाची.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने म्हटले आहे की भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा परत आणण्याची शक्ती हा विवेकाचा आणि चारित्र्याचा पाया आहे, आणि ती शक्ती वाढवणारे शिक्षण सर्वश्रेष्ठ ठरेल. मात्र असे शिक्षण द्यायचे कसे, हे सांगणे अवघड आहे, हेही त्याने तिथेच मान्य केले. ध्यानाचे समर्थन करणारे जेम्सचा पहिला भाग हमखास सांगतात. मला दुसरा भागही तितकाच मोलाचा वाटतो. लक्ष परत आणायचे तर आधी लक्ष जडावे असे काहीतरी मुलापुढे असायला हवे.

मॉन्टेसरींच्या त्याच बालगृहात तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवत होती. बसवायची, काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. मॉन्टेसरींनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणे म्हणायला लावले. ती ढळली नाही. मॉन्टेसरींनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम पुढे चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा ते करून झाल्यावर ती आपणहून थांबली आणि झोपेतून ताजेतवाने होऊन उठावे तशी प्रसन्नपणे बघू लागली. त्या मुलीला ध्यान शिकवले नव्हते. तिला तिच्या हाताला साजेसे काम मिळाले होते आणि ते थांबव असे कोणी म्हटले नव्हते. आपल्या घरांत, आपल्या शाळांत मुले असे किती वेळा तल्लीन होतात, आणि आपण ‘चल, जेवायला ये’, ‘तास संपला, वही काढ’ म्हणत किती वेळा ते मोडतो! आधी मोडायचे आणि मग त्यासाठी वेगळा तास ठेवायचा, हे मला पटत नाही. ध्यानाचा तास जरूर असावा, पण त्याच्या आधी मुलाचे रमणे जपले जावे.

आमच्या पिढीला हे वेगळ्या वाटेने मिळाले. शाळेत सूतकताईचा तास असे. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेतून बुनियादी शिक्षणाची जी कल्पना निघाली, तिचा हा उरलेला धागा आमच्या गावच्या शाळेपर्यंत पोहोचला होता. टकळी, पेळू, मांडीवर राखेची चिमूट. टकळी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने पेळू अलगद वर न्यायचा. मन जरा दुसरीकडे गेले की हात चुकायचा, सूत कुठे जाड, कुठे केसासारखे बारीक व्हायचे आणि तुटायचे. गुरुजींना काही बोलावे लागत नसे, तुटलेला धागाच सांगायचा. आपण तो थुंकीने जोडायचा आणि पुन्हा सुरू. त्या तासाला वर्गात शांतता असे, टकळ्यांची घरघर तेवढी. याला ध्यान म्हणतात असे कोणी आम्हाला सांगितले नाही, आणि त्यामुळे बिघडलेही काही नाही. हात, श्वास आणि डोळे एका ठिकाणी आणणे म्हणजे काय, हे मला पुढे कुठल्याही पुस्तकातून नव्याने शिकावे लागले नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांत ध्यान सरकारी वाटेनेही आले. इगतपुरीला धम्मगिरी येथे सत्यनारायण गोएंका यांनी उभारलेल्या विपश्यना केंद्राचे काम 1976 पासून चालू आहे. मुलांसाठी तिथल्या परंपरेत पूर्ण विपश्यना नसते, आनापान असते. नाकाच्या दाराशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, जसा आहे तसा. मंत्र नाही, रूप नाही, देव नाही, श्वास मुद्दाम लांबवायचाही नाही. गेल्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने हे शाळांत आणले. शिक्षकांनी आधी स्वतः शिबिर करावे आणि मग मुलांना दहा मिनिटे आनापानाला बसवावे, अशी त्याची रचना. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. ते योग्यच आहे, आणि श्वासाला जातधर्म नसल्यामुळे या वाटेला त्या बाजूने अडचण नसावी.

या उपक्रमाची मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे शिक्षकाने आधी स्वतः बसायचे ही अट. आणि शाळाशाळांतून हिंडताना सर्वात आधी गळून पडलेली दिसली तीही हीच. परिपाठात प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला, आता मौन. मुले डोळे मिटून मैदानावर बसली आहेत आणि शिक्षक त्यांच्यामधून फिरत आहेत, कोणाचे डोळे किलकिले आहेत ते बघत, पाठीवर थाप मारत. व्हरांड्यात दुसरे कोणी फोनवर बोलत आहे. शांततेवर पहारा बसला की मुले त्या पहाऱ्याकडेच लक्ष देतात. त्या वेळी ती पायांच्या चाहुलीवरून सर कुठवर आले ते ओळखत असतात.

एका शाळेत मात्र मी वेगळे पाहिले. वस्ती मजुरांची, कामासाठी स्थलांतर करून आलेल्यांची. शिक्षिका तरुण होती. ती मुलांबरोबर पट्टीवर बसली, तोंड मुलांकडे न करता, त्यांच्याच रांगेत. तिसरीतला एक मुलगा डोळे मिटेना. भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन तो सगळ्यांकडे टक लावून बघत होता. मी बाईंना नंतर विचारले. त्या म्हणाल्या, “डोळे मिटले की त्याला घरातलं दिसतं. मी त्याला सांगितलंय, तू पहारेकरी. आम्ही सगळे डोळे मिटतो, तू दाराकडे बघ.” मग थांबून म्हणाल्या, “आधी तो दाराकडेच बघायचा. आता कधीकधी बाहेरच्या झाडाकडे बघतो.”

त्या मुलाच्या घरात काय होते ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. पण त्या बाईंना जे उमगले होते ते मोठमोठ्या आराखड्यांतून सुटते. प्रत्येक मुलाच्या आत शांत जागाच असते असे आपण धरून चालतो. काही मुलांच्या आत भांडणे असतात, भूक असते, कोणाचा तरी धाक असतो. डोळे मिटायला लावणे म्हणजे अशा मुलाला त्या खोलीत एकटे कोंडणे. त्याच्यासाठी ध्यान उघड्या डोळ्यांनी, झाडाकडे बघत, बाईंच्या शेजारी बसूनच सुरू होऊ शकते.

ब्रिटनमध्ये शाळांतल्या ध्यानाची एक मोठी पाहणी झाली. ‘मिरियड’ हे तिचे नाव, ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक तिच्या अग्रभागी होते आणि 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 85 शाळा, आठ हजारांहून अधिक मुले, वय साधारण अकरा ते चौदा. काही शाळांत शिक्षकांना तयार करून त्यांच्याकडून मुलांना सजगतेचे धडे देण्यात आले, उरलेल्या शाळांत नेहमीचेच काम चालू ठेवले. ज्यांना धडे मिळाले त्या मुलांचे मन इतरांपेक्षा अधिक निरोगी झाले, असे आढळले नाही. बहुतेक मुलांनी धड्यांबाहेर सराव केलाच नव्हता. ज्यांना आधीपासून मानसिक त्रासाचा धोका होता, त्यांच्यापैकी काहींना हे धडे उलट मानवले नसावेत, असेही दिसले. शिक्षकांच्या बाबतीत मात्र निराळे घडले. शिकवणारे शिक्षक कमी थकलेले, कमी पिचलेले आढळले आणि शाळेचे वातावरण काहीसे सुधारले.

हे निष्कर्ष वाचून ध्यानावर श्रद्धा असलेल्या माझ्या काही स्नेह्यांना वाईट वाटले. मला तसे वाटले नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना वेळापत्रकातला आणखी एक विषय म्हणून दहा धडे द्यायचे आणि मग प्रश्नावली भरून घ्यायची, यात गिजुभाईंच्या शिक्षकाचा पहिला दिवस पुन्हा घडला. शिक्षकांना फायदा झाला, ही त्या पाहणीतली सर्वात बोलकी ओळ आहे. त्यांच्यासाठी ते खरे होते, त्यांनी ते आपल्या गरजेतून घेतले होते. तो फायदा मुलांपर्यंत झिरपायला किती काळ लागतो, हे मोजायला एखाददुसरे वर्ष पुरणार नाही.

धडे नसलेली वाटही आहे. राजगुरुनगरजवळ तिवईच्या टेकडीवर सह्याद्री स्कूल आहे, तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या फाउंडेशनची, 1995 मध्ये सुरू झालेली. खाली चासकमान धरणाचे पाणी. आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेप्रमाणे इथेही ‘अस्ताचल’ आहे. मुले सायंकाळी उघड्यावर बसतात आणि सूर्य मावळताना बघतात. कोणी काही सांगत नाही, श्वास मोजायला लावत नाही. कृष्णमूर्तींना ध्यानाची तंत्रे मान्य नव्हती. मन एका बिंदूवर आवळून धरणे म्हणजे बाकी सगळे बाहेर ढकलणे, आणि त्या ढकलण्यातच संघर्ष आहे, असे ते म्हणत. अवधान त्याहून वेगळे, ज्यात पक्ष्याचा आवाजही येतो, मनातला विचारही येतो, आणि कशालाच दार बंद नसते. मला आनापानही आवडते आणि अस्ताचलही, आणि लहान मुलांच्या बाबतीत या दोहोंत भांडण आहे असे मला वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला सूर्यास्त पुरे आहे. बारा वर्षांच्याला, मनात काहीबाही घोंघावू लागलेल्याला, श्वासाचा आधार लागतो.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचे वर्णन आसन-मुद्रांनी सुरू होत नाही, जागेने सुरू होते. ज्ञानदेव ती जागा किती हौसेने रचतात! अशी जागा की सहज वाटेने जाणारा चुकून तिथे आला तर परत फिरायला विसरेल, भटकणारा तिथे बसेल आणि बसलेल्याला उठावेसे वाटणार नाही. ज्याला बसायचे त्याला दटावणे नाही, त्याच्यासाठी जागा नीट करणे आहे. शाळेच्या संदर्भात ही जागा म्हणजे डोंगर किंवा तळे असायलाच हवे असे नाही. धुळीच्या मैदानावरचा एक कडुनिंब चालेल. पण त्या जागेत एक स्वस्थ मोठे माणूस लागते, त्याला पर्याय नाही. मूल मोठ्या माणसाची अस्वस्थता शब्दांच्या आधी ओळखते. पहिलीतली मुले बाईंच्या पदराच्या खोचण्यावरून आज बाईंचे काय बिनसले ते ओळखतात, हे पहिलीला शिकवलेली कोणीही बाई सांगेल.

आणि इथेच माझे सगळे बोलणे येऊन थांबते, कारण आमच्या शिक्षकांना स्वस्थ बसायला आपण वेळ ठेवलेला नाही. जिल्हा परिषदेच्या दोन-शिक्षकी शाळेतल्या गुरुजींचा सकाळचा अर्धा तास बघा. पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, उपस्थितीचा आकडा कळवायचा, केंद्रातून आलेला तक्ता भरायचा, कुठल्या तरी ऑनलाइन प्रणालीत माहिती चढवायची आणि नेटवर्क मिळत नाही म्हणून शाळेच्या गच्चीवर जायचे. निवडणुका जवळ आल्या की मतदार यादी. यातून उतरून तो माणूस मुलांसमोर येतो आणि म्हणतो, डोळे मिटा.

ध्यानाचे नवे अभ्यासक्रम, पुस्तिका, ध्वनिफिती यांवर खर्च करण्याआधी शिक्षण विभागाने एक गोष्ट करावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे. परिपाठाची घंटा होण्याआधीचा पाव तास शिक्षकांचा राहू द्यावा. त्या वेळेत केंद्राकडून किंवा तालुक्याकडून माहिती मागवू नये, व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाला तातडीने उत्तर द्यायची सक्ती नसावी, तांदळाची नोंद दुपारी करता यावी. शिक्षकांनी त्या पाव तासात आनापान करावे, अंगणातल्या झाडांना पाणी घालावे, एकमेकांशी न बोलता चहा प्यावा किंवा नुसते मैदानाकडे बघावे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे, आणि त्याचा अहवाल कोणी मागू नये. याला पैसा लागत नाही. एका पानाचे परिपत्रक पुरेल, आणि ते येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काढता येईल.